बूट ‘ऑर्डरप्रमाणे’ म्हणजे नेमके कशाप्रमाणे?

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या चामडी बुटांविषयी ग्राहकांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते आणि ती दूर करण्याची तसदी विकणारे क्वचितच घेतात. बूट आपल्यासाठी बनले म्हणजे ते आपल्या पायासाठी बनले, अशी ती समजूत. मीही याच समजुतीवर विसंबून एक जोड बनवून घेतला आणि पस्तावले. त्यानंतरची काही वर्षे बूट बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना प्रश्न विचारण्यात गेली. त्यातून जे उमगले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे आणि बूट बनवणाऱ्यांकडे एक मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ग्राहकहिताच्या विषयांना आपण आवर्जून जागा देता, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहिण्याचे धाडस करते.

‘ऑर्डरप्रमाणे’ या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळी कामे चालतात. पहिल्या प्रकारात कलबूत, म्हणजे पायाच्या आकाराच्या ज्या ठोकळ्यावर चामडे ताणून बूट घडवला जातो तो साचा, बनवणाऱ्याकडे आधीपासून तयार असतो. ग्राहकाने आपला नंबर व रुंदी सांगायची आणि चामडे, रंग, तळ, टाच, घोट्यावरची उंची, नाडीसाठी भोके हवीत की हूक, एवढे ठरवायचे. दुसऱ्या प्रकारात त्याच तयार कलबुतावर जागोजागी चामड्याचे तुकडे चिकटवून किंवा ते थोडेसे तासून ग्राहकाच्या मापाच्या जवळ आणले जाते. तिसऱ्या प्रकारात त्या एका माणसाच्या दोन पायांसाठी दोन नवी कलबुते कोरली जातात, अर्धवट तयार झालेला बूट घालून पाहण्यासाठी बोलावणे येते, आणि काम संपल्यावर ती कलबुते पुढच्या जोडासाठी जपून ठेवली जातात. या तिन्हींमधल्या श्रमात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्यापैकी बहुतेक जण घेतात तो पहिला प्रकार, आणि त्यात गैर काहीच नाही. ज्यांचा पाय सर्वसाधारण घडणीचा आहे त्यांना चांगल्या तयार कलबुतावरचा बूट उत्तम बसतो. मात्र त्यात आपण निवडतो ते बुटाचे रूप. आकार आधीच ठरलेला असतो, हे पैसे देण्यापूर्वी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

माझा पंजा रुंद आहे, टाच अरुंद आहे आणि उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित लांब आहे. पहिल्या वेळी मी सकाळी, खुर्चीत बसून, एकच पाय कागदावर पेन्सिलीने आखला आणि तो कागद बूट बनवणाऱ्याकडे पाठवून दिला. यातल्या चुका मला कुणी सांगितल्या नाहीत. पाय दिवसभरात थोडा फुगतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. पायावर शरीराचा भार पडला की तो पसरतो, म्हणून माप उभे राहून घ्यावे. दोन्ही पायांचे घ्यावे, आणि बुटात जे मोजे घालायचे तेच घालून घ्यावे. शिवाय टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी पुरेशी नसते. टाचेपासून अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर तितकेच महत्त्वाचे, कारण पाय तिथे वाकतो आणि बूटही नेमका तिथेच वाकायला हवा. अमेरिकेतील सिराक्यूज येथील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात पायाचे माप घेण्याचे जे धातूचे उपकरण बनवले आणि जे आजही अनेक दुकानांत वापरले जाते, त्यात लांबी, रुंदी आणि हे तिसरे अंतर अशी तिन्ही मापे घेण्याची सोय आहे. लांब बोटांच्या आणि आखूड बोटांच्या दोन माणसांची पावले लांबीला अगदी सारखी असली, तरी त्यांना एकच बूट बसेल असे नाही, हे त्या उपकरणावर उभे राहिले की लगेच समजते.

नंबराच्या भरवशावर राहण्यातही धोका आहे. इंग्रजी पद्धतीत एका नंबरामागे इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतात. युरोपीय पद्धतीत सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे पावणेसात मिलिमीटरांच्या आसपास. एका पद्धतीतून दुसरीत जाताना आकडे नेमके जुळत नाहीत, आणि त्याच नंबराची दोन कलबुते पंजाच्या रुंदीत वा पायाच्या पाठीवरच्या उंचीत अगदी निराळी असू शकतात. म्हणून ‘तुमचा नंबर काय’ एवढ्याच प्रश्नावर ऑर्डर घेणाऱ्याला उलट प्रश्न करावा, की हे कलबूत कोणत्या पायाला बसते आणि कोणत्या पायाला बसत नाही. ज्याला आपले कलबूत ठाऊक आहे तो याचे उत्तर देतो. मला तर या उत्तरावरून बनवणाऱ्याची पारख होते, असे आता वाटू लागले आहे.

चार महिन्यांनी माझा जोड आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तो हातात घेऊन वाखाणला. चामड्याला आरशासारखी चकाकी होती, कडेने पांढऱ्या दोऱ्याचे एकसारखे टाके होते. वर्षभरातच उजव्या बुटाचा तळ पंज्याजवळ उघडू लागला, आणि एकदा चांगला भिजल्यावर तो पायाखाली लिबलिबीत झाला. दुरुस्तीसाठी नेला, तेव्हा त्या वयस्क कारागिरांनी रापीचे टोक कडेच्या पट्टीखाली घातले आणि पट्टी अलगद वर उचलली. “ताई, हा टाका नुसता दिसायला आहे. पट्टीवर आधीच मारलेला होता, मग पट्टी चिकटवली,” ते म्हणाले. मग त्यांनी आतला सोल सोडवून माझ्या हातावर ठेवला. तो दाबलेल्या पुठ्ठ्याचा होता. ओला होऊन त्याच्या कडा फुलल्या होत्या आणि नखाने त्याचा राखाडी लगदा निघत होता. टाचेच्या आतला टणक भाग चामड्याच्या भुश्यापासून केलेला होता, तोही मऊ पडला होता. ज्या गोष्टी पाहून मी खूश झाले होते त्या सगळ्या बाहेरच्या होत्या.

बुटाची खरी किंमत आतल्या सोलवर ठरते, असे माझे मत आहे, आणि तोच भाग ग्राहकाला कधी दिसत नाही. पाय दिवसभर त्यावर टेकलेला असतो, घाम तो शोषतो, आणि शिवलेल्या बुटात बाकीचे सगळे त्यालाच जोडलेले असते. झाडाच्या सालीत कमावलेल्या जाड चामड्याचा आतला सोल काही आठवड्यांत पायाचा ठसा धरतो, आणि मग तो बूट खऱ्या अर्थाने आपला होतो. पुठ्ठ्याला असा ठसा टिकवता येत नाही. हाताने शिवलेल्या उत्तम बुटात या सोलच्याच जाडीत रापीने कड कोरून काढतात आणि वरचे चामडे, अस्तर व कडेची पट्टी, जिला वेल्ट म्हणतात, हे सगळे त्या कडेतून आरीने भोक पाडून मेणाच्या दोऱ्याने एकत्र शिवतात. यंत्राने शिवलेल्या वेल्टच्या बुटात बहुधा सोलखाली कापडाची एक उभी पट्टी चिकटवलेली असते आणि टाका त्या पट्टीतून जातो. नंतर मधल्या पोकळीत बूच भरतात, कमानीखाली लोखंडाची किंवा लाकडाची ताठ पट्टी बसवतात, आणि खालचा तळ वेल्टला दुसऱ्या, स्वतंत्र टाक्याने जोडतात. तळ झिजला की हा दुसरा टाका तेवढा उसवायचा. वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. वेल्टचे बूट दशकभर वापरता येतात असे म्हणतात ते या दुहेरी शिवणीमुळे.

इथे आणखी एका समजुतीबद्दल लिहायला हवे, ती म्हणजे यंत्राचे ते हलके आणि हाताचे ते उत्तम. तळ थेट आतल्या सोलला शिवण्याच्या यंत्राचे पेटंट लायमन ब्लेक यांनी १८५८ मध्ये घेतले. वेल्ट शिवण्याच्या यंत्राला ज्यांचे नाव आहे ते धाकटे चार्ल्स गुडइयर हे रबराच्या संशोधनाने प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स गुडइयर यांचे पुत्र. तरीही चामडे कलबुतावर ताणून बसवण्याचे काम दीर्घकाळ हातानेच होत राहिले, कारण ते यंत्राला जमणार नाही असे मानले जाई. सुरिनाममध्ये जन्मलेल्या आणि मॅसॅच्युसेट्समधील लिन येथील बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या यान मॅट्झेलिगर यांनी ते जमवले आणि २० मार्च १८८३ रोजी त्याचे पेटंट मिळवले. निष्णात कारागीर हाताने दिवसाला पन्नासच्या आसपास जोड ताणत असे, ते काम या यंत्राने कित्येक पटींनी वाढले. अशा यंत्रांवर आजही अत्यंत टिकाऊ बूट बनतात. उलट, पुठ्ठ्याच्या सोलवर हाताने कितीही सुबक टाका घातला, तरी तो पुठ्ठा फाटेपर्यंतच टिकणार. नुसते चिकटवलेले बूटही टाकाऊ नसतात. ते हलके व लवचीक असतात आणि कुणाला तेच हवे असतील. मला खटकते ते चिकटवलेल्या बुटावर खोटा टाका मारून तो शिवलेला म्हणून विकणे.

चामड्याविषयी बरेच लिहिण्यासारखे आहे. कातड्याचा बाहेरचा थर, जिथे केसांची मुळे असतात, तो बारीक आणि घट्ट तंतूंचा असतो. तो न घासता जसाच्या तसा ठेवला की त्याला फुल ग्रेन म्हणतात. किडे चावल्याच्या खुणा, ओरखडे, व्रण असलेले कातडे वरून घासून, त्यावर रंगाचा थर देऊन आणि कृत्रिम दाणा उमटवून एकसारखे केले जाते, ते करेक्टेड ग्रेन. जाड कातडे आडवे चिरल्यावर खाली जो थर उरतो त्याला स्प्लिट म्हणतात, आणि चामड्याचा चुरा गोंदासारख्या पदार्थात मिसळून त्याच्या लाद्या केल्या की ते बॉन्डेड लेदर होते. ‘अस्सल चामडे’ हा शिक्का यांपैकी बहुतेकांवर मारता येतो आणि तो खोटाही ठरत नाही. म्हणूनच त्या शिक्क्यावरून दर्जाविषयी काहीच कळत नाही. बूट वाकवून पंजाजवळच्या सुरकुत्या पाहाव्यात. घट्ट चामड्यावर त्या बारीक, जवळजवळ येतात आणि सोडले की बऱ्याचशा मिटतात. पोटाच्या बाजूच्या सैल चामड्यावर जाड, पोकळ घड्या पडतात. रंगाचा जाड थर असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी मोड दिसते. दोन्ही बुटांवर एकही रेषा, एकही छिद्र, एकही छटेचा फरक नसेल, तर मला आता आनंदापेक्षा शंका अधिक येते. मात्र खरखरीत पृष्ठभाग दिसला की लगेच स्प्लिट समजू नये, कारण फुल ग्रेन चामडे उलटे करून, आतली बाजू बाहेर ठेवून बनवलेले बूटही असतात आणि ते फार दणकट असतात.

कमावण्याच्या पद्धतीवरूनही उगाच वाद घातला जातो. ओक, चेस्टनट, बाभूळ यांच्या साली, लाकूड किंवा हिरड्यासारखी फळे यांतल्या तुरट द्रव्यांनी चामडे कमावायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. क्रोमच्या क्षारांनी तेच काम एखाद्या दिवसात होते. त्या पद्धतीचे पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत १८८४ मध्ये घेतले होते. सालीचे चामडे ताठ, आकार धरणारे, म्हणून तळाला आणि आतल्या सोलला योग्य. क्रोमचे मऊ, पाण्याला व उष्णतेला अधिक तग धरणारे, म्हणून वरच्या भागाला बहुधा तेच सोयीचे. एकाला चांगले आणि दुसऱ्याला वाईट म्हणण्यापेक्षा कोणते कुठे वापरले हे विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच कातड्यातून बुटाचे तुकडे कसे कापले. पंज्यावरचा पुढचा तुकडा पाठीच्या घट्ट भागातून आणि असा कापावा लागतो की त्याची कमी ताणली जाणारी दिशा टाचेकडून बोटांकडे येईल. जीभ आणि झाकले जाणारे तुकडे पोटाच्या किंवा मानेच्या भागातून आले तरी चालतात. कापणाऱ्याने इथे काटकसर केली तर बूट वर्षभरात बेढब होतो आणि दोष शिवणाऱ्याला लागतो.

जोड हातात आल्यावर काय पाहावे, याविषयी माझा क्रम आता ठरून गेला आहे. आधी दोन्ही बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहते: मागची शिवण सरळ उभी आहे का, दोन्हींची उंची सारखी आहे का, टाच डुगडुगते का. मग आत हात घालून अस्तराच्या घड्या, खिळ्यांची टोके, गोंदाचे गोळे चाचपते. टाचेचा भाग अंगठ्याने दाबला तर तो ताठ असावा आणि दाब सोडताच पूर्ववत व्हावा. टाके फार जवळजवळ असणे हे उत्तम कामाचे लक्षण मानले जाते, पण पातळ चामड्याला अतिशय दाट भोके पाडली तर ते वहीच्या छिद्रांकित पानासारखे त्याच रेषेवर फाटते. टाका कडेपासून सारख्या अंतरावर आणि सारख्या ताणाचा असणे अधिक मोलाचे. एखादा सुटा दोरा, गोंदाचा पुसट डाग, दोन बुटांच्या छटेत अल्पसा फरक, यांवरून मी कारागिराशी भांडणार नाही. पुढच्या टोपीची रेघ एका बुटावर वर आणि दुसऱ्यावर खाली असेल, तर मात्र जोड परत करीन.

आणि शेवटी पाय घालून पाहणे. पायाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागात बसला पाहिजे. टाच नव्या बुटात थोडी उचलली जाते, तळ लवचीक झाला की ते कमी होते. नाड्या बांधल्यावर भोकांच्या दोन ओळी समांतर राहून त्यांच्यात थोडे अंतर उरावे. त्या एकमेकींना भिडल्या तर बूट पायाला मोठा आहे. ‘घालून घालून बसतील’ हे विकणाऱ्यांचे आवडते वाक्य निम्मेच खरे आहे. चामडे रुंदीत सैलावते, लांबीत वाढत नाही, आणि बोटे पुढे टेकत असतील तर ती टेकतच राहतील.

हे सगळे ऑर्डर देण्यापूर्वी विचारायला हवे, कारण नंतरचे मार्ग अरुंद होतात. युरोपीय संघाच्या २०११च्या ग्राहक हक्क निर्देशात दूरस्थ खरेदी केलेली वस्तू कारण न देता परत करण्याचा हक्क आहे, पण ग्राहकाने सांगितल्याप्रमाणे बनवलेल्या वस्तूंना तो लागू नाही. सदोष मालाविरुद्धची दाद तेवढी शिल्लक राहते. तिथल्याच १९९४च्या निर्देशानुसार पादत्राणांवर वरचा भाग, अस्तर व आतली गादी, आणि बाहेरचा तळ या तीन भागांत प्रामुख्याने काय वापरले ते चिन्हांनी दाखवणे बंधनकारक आहे, आणि चामड्यावरचा लेप ०.१५ मिलिमीटरहून जाड असेल तर त्यासाठी वेगळे चिन्ह आहे. हा नियम मला फार उपयुक्त वाटतो. परंतु गादीखालचा खरा सोल, टाचेतला ताठ भाग आणि तळ जोडण्याची पद्धत हे त्यातही सुटले आहे, म्हणजे माझा बूट जिथे फसला तेच.

म्हणून बूट बनवणाऱ्यांकडे माझी मागणी अशी आहे की ऑर्डरच्या पावतीवरच कलबूत तयार आहे, फेरफार केलेले आहे की नवे, हे लिहून द्यावे. वरचे चामडे कोणत्या प्रकारचे, आतला सोल आणि टाचेचा ताठ भाग कशाचे, वेल्ट शिवलेली की चिकटवलेली, आणि तळ किती वेळा बदलता येईल, हेही त्यात यावे. आणि तळ बसवण्याच्या आधी, बूट कलबुतावर उलटा असताना, त्याचे एक छायाचित्र ग्राहकाला पाठवावे. याला खर्च नाही, आणि प्रामाणिक कारागिराचा यात फायदाच आहे, कारण त्याची खरी मेहनत त्या एका क्षणीच डोळ्यांना दिसते. नंतर ती कायमची झाकली जाते.

दुसरा जोड बनवायला टाकताना मी हे छायाचित्र मागितले. कारागिरांना माझी मागणी प्रथम विचित्र वाटली, पण त्यांनी ते पाठवले. त्यात पिवळसर, जाड चामड्याचा सोल, त्यात कोरलेली कड आणि तिच्यातून तिरपा गेलेला मेणाचा दोरा स्पष्ट दिसत होता, आणि कमानीपाशी एक टाका उसवून पुन्हा घातल्याची खूणही होती. ती त्यांनी स्वतःच पेनाने गोल करून दाखवली होती.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक